चांदावर मोजलेले दिवस

नात पहिल्या बाळंतपणाला फलटणला माझ्या लेकीकडं आली होती. तिचा नवरा आखातात ट्रक चालवतो, तो सुट्टी काढून आलेला. रविवारी त्याचं परतीचं विमान, आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख त्याच्या पुढं तीन आठवड्यांनी. घरात सगळ्यांची तोंडं त्यामुळंच उतरलेली.

मी आणि माझी धाकटी जाऊ त्या आठवड्यात बुधवारी आटपाडीहून एसटीनं आलो होतो. दोघींचेही मालक गेले, आता एकाच घरात राहतो. ती कमी बोलते, तिच्या वाटणीचं मी बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो तर नात मोबाइल घेऊन आली. "नानी, ह्यात सांगत्यात, अननस खा, खजूर खा, जिना चढ-उतर कर. कळा लवकर येत्यात म्हणं."

"जिना कुठला गं? तुझ्या आईच्या घराला पत्र्यावर जायची शिडी हाय. तिच्यावरनं पडलीस तर नवऱ्याचं विमान ऱ्हायलं बाजूला."

नात हसली. लेक हसली नाही. "अम्मी, चेष्टा बास. तुझ्याच हिशेबानं मोजलंय मी. नऊ चांद झालं, वर नऊ दिवस झालं. डॉक्टर काय, लांबचीच तारीख देत्यात. बापानं पोराचं तोंड बघून जावं का न्हाई? तू गल्लीतल्या बायकांना द्यायचीस तसं एरंडेल दे की हिला."

मी चहाची बशी खाली ठेवली. जाऊ भाजी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

आता सांगायचं म्हणजे, मी काय सुईण नव्हते. पण माझा हात चांगला असं गल्लीत म्हणायचे. दिवस भरले आणि कळा येईनात, की मला बोलावणं यायचं. मी गरम चहात एरंडेल घालून पाजायची. पोटात मुरडा यायचा, मागनं कळा यायच्या. आल्या नाहीत तर लोक विसरायचे, आल्या तर माझं नाव व्हायचं.

जावेच्या पहिल्या खेपेला मीच दिवस मोजले. आमच्यात महिने चांदावर धरायची रीत. शेवटची पाळी आली तो चांद सरत आलेला, तरी मी तो पुरा धरला. नऊ चांद झाले, वर नऊ दिवस झाले, आणि मी वाटी घेऊन तिच्यापुढं उभी राहिले. ती म्हणाली, "भाबी, पोट अजून खाली उतरलं न्हाई ओ. थांबूया का?"

"तुला काय कळतंय? पैलटकरीण तू," मी म्हणाले.

ती प्याली. रात्रभर कळा देऊन सकाळी मुलगी झाली. मांजराच्या पिलागत बारीक आवाज. दुसऱ्या दिवशी दुपारच्या अजानला तोही थांबला. अल्लाची चीज अल्लानं नेली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

पुढं बऱ्याच वर्षांनी लेकीच्या बाळंतपणात एका नर्सबाईनं कार्डावर तारखा लिहिताना मला हिशेब दाखवला. चांदाचा महिना लहान असतो, आणि सरता महिना पुरा धरायचा नसतो. मी तिथं बाकड्यावर बसून बोटं मोजली. महिनाभर कमी भरलं. ते मी कुणाला बोलले नाही. म्हणून तर लेक अजून माझाच हिशेब धरून बसलेली. त्यानंतर घरात मी एरंडेलाची बाटली आणली नाही, तरी कोनाड्याला वास येतो. दुपारची अजान झाली की जाऊ भिंतीकडं तोंड करून पडते, आणि मला तो बारीक आवाज ऐकू येतो. कान झाकले तरी येतो.

"हिला काय द्यायचं न्हाई," मी लेकीला म्हणाले. "माझा हिशेब खोटा हाय. तुझ्या चाचीची पोरगी माझ्या हिशेबानं गेली."

मग जाऊच बोलली, भाजीकडं बघतच.

"मला ठावं हाय, भाबी. नखं बोटाच्या टोकापतुर आली नव्हती तिची. दूध पाजताना मूठ उघडली, तवाच कळालं, दिवस भरल्यालं न्हाईत."

"मग एवढी वर्सं बोलली का न्हाईस गं?"

"कुणाला बोलू? घरात तुमीच तर व्हता."

भाजी निवडून झाली तरी ती रिकामी देठं चाळवत बसली.

रविवारी नातजावई नातीच्या पोटावर हात ठेवून, डोळे पुसत गेला. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नात संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारायची, खजूर खायची, दवाखान्यात तपासून यायची. आम्ही तिथंच राहिलो. डॉक्टरांच्या तारखेच्या आदल्या दिवशी कळा आपोआप आल्या. मुलगी झाली. ओरडली ती दवाखान्याच्या दारापर्यंत ऐकू आली.

जावेनं तिला मांडीवर घेतलं. दुपटं कुणी सारखं करत होतं, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. तिनं करंगळीनं मूठ उघडली, नखं बघितली, आणि तो हात माझ्यापुढं धरला.

"कापाय पायजेत, भाबी," ती म्हणाली.

आम्ही आटपाडीला परत आलो. दुपारची अजान झाली की ती अजून भिंतीकडं तोंड करून पडते. आता मीही उठून कामाला लागत नाही, तिच्या पाठीशी जाऊन पडते. आवाज येतो. आता दोघींना येतो.