मदरबोर्डला भस्म

आमच्या बीडच्या बाजारात पाण्याच्या मोटारी विकणारे एक गृहस्थ अचानक कम्प्युटरही जुळवून देऊ लागले. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, कपाळावरचे भस्माचे तीन पट्टे मात्र लक्षात आहेत. टाइपरायटरवरची माझी कामं एकेक करून कम्प्युटरवाल्यांकडे चालली होती, म्हणून मलाही घरी कम्प्युटर घेणं भाग होतं. पुढे मेमरी वाढवता येईल असाच मदरबोर्ड घ्यायचा, एवढी माहिती काढून मी गेले होते.

त्यांनी दोन बोर्ड समोर ठेवले.

"यातल्या कोणत्यात मेमरी वाढवता येते?" मी विचारलं.

"ताई, दोन्ही लई भारी हायेत. पन ह्यो वजनदार हाय." वांगी घ्यावीत तसा त्यांनी तो तळहातावर तोलून दाखवला.

मी दुसऱ्या बोर्डावरच्या मेमरीच्या खाचा बघत होते, तेवढ्यात त्यांनी डबीतलं भस्म घेऊन वजनदार बोर्डावर तीन बोटं ओढलीसुद्धा.

"आता ह्यो तुमचाच. भस्म लावलेला माल आमी परत ठेवत न्हाई."

"मग तो तुम्हीच पुजा. मला हा द्या. आणि भस्म लावायचंच असेल तर बाहेरच्या पत्र्याच्या खोक्याला लावा."

गृहस्थ दुखावले. "पत्रा काय चालनार हाय का, ताई? जीव तर ह्याच्यात हाय!"

त्या दुकानात मला मिळालेली ही एकमेव तांत्रिक माहिती, आणि ती अगदी बरोबर होती. म्हणून दुसरा बोर्ड खोक्यात बसून झाकण लागेपर्यंत भस्माची डबी मी माझ्याच हातात धरून बसले.