सात महिन्यांची सभासद

बारा वर्षांपूर्वी मुंबईच्या विमानतळावर बाबा मला जवळ घेऊन रडतील असं वाटलं होतं. कसलं काय! म्हणाले, "जातेस तर जा, पण पणजोबांसारखं चिडून अर्ध्यावर सोडून येऊ नकोस."

आमचे पणजोबा इंग्रजांच्या काळात कायदेमंडळाचे सभासद होते. फक्त सात महिने! तालुक्याच्या नदीवर पूल हवा म्हणून निवडून गेले. दोनदा प्रश्न विचारला, दोन्ही वेळा साहेब म्हणाला, "विचाराधीन आहे." तिसऱ्या वेळी यांनी राजीनामा भिरकावला आणि घरी येऊन पुन्हा वकिली सुरू केली. पूल झालाच नाही. लग्नकार्यात घरचे सगळे अजून त्यांना हसतात. मला त्या हसण्याचा राग येतो. साहेबापुढं उभं राहून विचारलं तरी होतं त्यांनी!

मी जर्मनीत वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये आले, शेजारच्या गावात घर घेतलं. पासपोर्ट बदलला त्या दिवशी आई फोनवर रडली, मीही रडले. मग गावच्या निवडणुकीत एका पक्षानं जागा भरायला मला यादीच्या तळाला घातलं. अर्थातच पडले. पण नंतर त्या पक्षाचे एक सभासद गाव सोडून गेले, यादीतले वरचे नको म्हणाले आणि उरलेल्या मुदतीसाठी गेमाइंडेराटमध्ये, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीत, माझा नंबर लागला. मुदत उरली होती किती? सात महिने!

स्टेशनवरून रविवारी बस नव्हती. वृद्धाश्रमातल्या नर्सेस बर्फातून चालत ड्युटीवर जायच्या. मी विचारलं. ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे इथले सरपंच, हसून म्हणाले, "हो, हो, तपासतोय." अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन राजीनाम्याची मेल लिहिली. पाठवणार, तेवढ्यात वाटलं, आता पुढच्या लग्नात दोघांवर हसतील. पुसून टाकली. मग दर बैठकीत तोच प्रश्न. शेवटी शेवटी मी उभी राहिले की ब्युर्गरमाइस्टरच म्हणायचे, "आल्झो, बस!" म्हणजे, चला, आली रविवारची बस!

शेवटच्या बैठकीत रविवारच्या बसचा ठराव आला आणि एकूण एक हात वर गेला. जिंकले! मी तिथंच ढसाढसा रडले, लाज नाही वाटली.

परवा बाबा आले, रविवारीच. स्टेशनवर त्याच बसमध्ये चढले आणि ड्रायव्हरला खणखणीत मराठीत म्हणाले, "ही माझ्या मुलीनं आणलीय हं!" त्याला काय कळणार, तरी तो म्हणाला, "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर!

बाबा खिडकीशी बसले. थोड्या वेळानं डोळे पुसत म्हणाले, "माझे आजोबा असते ना, तर सगळ्यात पुढं बसले असते."

परत कधी येणार, असं बारा वर्षं विचारणाऱ्या बाबांनी या खेपेला विचारलंच नाही. आमचा स्टॉप आला तसे तेच आधी उठले, बॅग उचलली आणि म्हणाले, "चल, आलं आपलं घर."