रहेमानभाईंचा आंबा आणि कोळशाचे ट्रक

आमची वणी कोळशाच्या खाणींची, त्यामुळे काहीही काळं दिसलं की आम्ही कोळशाला दोष देतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. म्हणून रहेमानभाईंच्या आंब्याची पानं काळी पडली तेव्हा शेजारीपाजारी कोणाला शंका आली नाही. मलाही नाही, अर्थात माझं मत आमच्या घरातही कोणी विचारत नाही.

रहेमानभाई ट्रकचे मिस्त्री. पुढे गॅरेज, मागे घर, आणि अंगणात अकीलाभाभींनी राळेगावच्या माहेराहून कोय आणून लावलेला आंबा. दोन वर्षं त्याला मोहोर भरपूर येई, पण कैरी एक धरत नसे. शेवटी मुलगा इमरान म्हणाला, "अब्बा, या साली कैरी नाही लागली तर झाड तोडू. तिथं माझी खोली निघते." भाभी उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं म्हणे.

झाड वाचवायला रहेमानभाईंनी कोळशाच्या ट्रकवाल्यांशी लढाई सुरू केली. ड्रायव्हर डोंगरसिंग हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. तो ब्रेक दाखवायला आला, तर त्यालाच धरलं. "ताडपत्री काहून बांधत नाहीस? माझं झाड मारून राह्यला तू!"

"भाई, गाडी रिकामी हाये."

"मंग मागच्या खेपेचा कोळसा असंन!"

शिवाय दर शुक्रवारी नमाजहून आले की गाड्या धुवायचा पंप ते आंब्यावर चालवत. इंजिनावरचं जुनं ग्रीस उडवणारा पंप तो. झाड चकाचक व्हायचं. खाली पडलेला सडा मला भिंतीवरून दाखवायचे, "पाहा मास्तर, किती घाण निघाली!" मी मान डोलवायचो.

यंदा मोहोर आला आणि भाईंनी पुन्हा पंप काढला. भाभी दोरीवरचे कपडे काढत होत्या. दुपट्टा बोटांना चिकटला, तशा त्या थांबल्या.

"काहो, कोळसा चिकट असते का?"

"डिझेल मिसळलं असंन."

"मंग बाजूच्या जांबाच्या झाडाले काहून नाही लागलं? ट्रक काय आंबा पाहून धूर सोडतात?"

भाई जांबाची पानं न्याहाळू लागले. भाभींनी मोहोराची फांदी खाली ओढली. तडतड आवाज झाला आणि बारीक बारीक किडे उडून भाईंच्या दाढीत शिरले.

"हे घ्या तुमचे ट्रक," भाभी म्हणाल्या. "तुडतुडे हायेत. रस पितात, चिकट घाण टाकतात, त्याच्यावर काळी बुरशी येते. माहेरी आमच्या कापसाच्या पराटीवर मावा पडला की पानं अशीच व्हायची." मग त्यांनी खालचा सडा ओंजळीत उचलला. "अन् ही घाण नाही. हा मोहोर हाये. तुम्हीच पाडून राह्यले."

भाई दाढी झटकत राहिले. त्या संध्याकाळपासून कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी भाभी छोट्या फवाऱ्याने मारू लागल्या. आतल्या दाट फांद्या छाटून ऊन येऊ दिलं. पंपाला हात लावायची भाईंना मनाई झाली.

एप्रिलमध्ये कैऱ्या लोंबू लागल्या. इमरान गच्चीवर जाऊन खोलीची मापं घेऊ लागला. भाभींनी पिशवी भरून भाईंच्या हातात दिली. "डोंगरसिंगले देऊन या. अन् काय झालतं ते सांगून या."

सोबतीला भाईंनी मला ओढलं. चहाच्या टपरीवर डोंगरसिंग आणखी दोघा ड्रायव्हरांबरोबर बसला होता. भाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी उभ्या ट्रकच्या टायरकडे पाहिलं.

"कोळसा नव्हता," ते पुटपुटले. "तुडतुडे होते. अन् मोहोर मी पाडत होतो. पंपानं."

डोंगरसिंगला हसता हसता ठसका लागला. "अरे, हे ऐका! भाई, याने ऐकलं नाही, परत सांगा."

भाईंनी परत सांगितलं, जरा मोठ्याने. कैरीला मीठ लावून खात सगळ्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. या खेपेला भाईंनी दाढीत शिरलेले किडे नाचूनच दाखवले.

परतताना पिशवी रिकामी होती. थोडं चालल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, शेवटच्या खेपेला सांगणं जमलं ना चांगलं?"

"जमलं," मी म्हणालो.