धोक्याच्या रकान्यातला माणूस

एका परदेशी कंपनीला चौलजवळ कारखाना काढायचा होता. इथल्या राजकारणाचा तिला किती धोका आहे, ते पाहायला मला पाठवलं होतं. कारखान्याच्या जागेवर एक म्हातारा खड्ड्यात मूठभर मीठ टाकून माडाची रोपं लावत होता. मोजणीच्या दगडाला त्याची म्हैस बांधलेली.

"जमीन जाणार, तरी रोपं लावताय?"

"ह्यो तिसऱ्या सरकारचा दगड हाय," टाचेने माती दाबत तो म्हणाला. "माडाला सात वर्षं लागतात. तवर चौथं येल."

मग शहाळं सोलून त्याने मला दिलं. "तुमचं काम काय?"

"कंपनीला धोका कोणाचा, ते लिहायचं."

"मग गावला का कोन?"

मी शहाळं तोंडाला लावलं. अहवालात त्याचं नाव नाही. पण धोक्याच्या रकान्यातली पहिली ओळ त्याच्याबद्दलच आहे.