एकोणिसाव्या अध्यायातली ओवी

रुक्माबाईंना अक्षरओळख नव्हती, पण बेळगुंदीत पोथीवरून त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. घरातल्या जुन्या पोथीची पानं त्या डागांवरून ओळखत. तेलाचा डाग तिसऱ्या अध्यायाचा. तिथं देव फुलातून, स्वप्नातून भक्ताशी बोलतो. चहाचा डाग अकराव्याचा. तिथं देव कुणाशीच बोलत नाही, ऐकू येतं ते आपलंच मन. ही भांडखोर पानं एका फडक्यात बांधून बाईंनी चाळीस वर्षं संसार केला. स्वतःला स्वप्न पडलं की तेलाचा डाग काढायचा, नवऱ्याला पडलं की चहाचा.

सून नीलमला एरवी याची गंमत वाटायची. त्या शनिवारी मात्र तिला हसू येत नव्हतं. निपाणीच्या मराठी शाळेत तिची नेमणूक झाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि तिथं खोली घेऊन राहावं लागणार होतं. मच्छे गावातल्या कारखान्यात कामाला असलेल्या तिच्या नवऱ्यानं, युवराजनं, "आप्पा म्हणतील तसं" म्हणून अंग काढून घेतलं होतं. आणि आप्पा, म्हणजे सासरे मारुतीराव, सकाळीच देवळात कौल लावून आले होते. मूर्तीला ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. दोन तास बसले. एक फूल हललं नाही.

"देव बोलला न्हाय, म्हंजे जायाचं न्हाय," मारुतीरावांनी सांगून टाकलं. "पोथीतच हाय, देव फुलातनं बोलतोय."

"अकराव्यात हाय, देव कुणासंगंबी बोलत न्हाय," सुपातले खडे वेचत रुक्माबाई म्हणाल्या.

"एकाच पोथीत दोन गोष्टी? मग एक खोटी म्हण."

"खोटी कशाला? मी रुसले की चार दिस बोलत न्हाय. म्हणून तुमचं ताट वाढायचं ऱ्हातंय व्हय?"

मारुतीरावांना हसू येत होतं, ते त्यांनी मिशीत दाबलं. "ते तुझं झालं. देव गप बसला तर काय समजायचं, ते पोथीत दाखव. दाखवलंस तर जाऊ दे पोरीला."

"एकोणिसावा अध्याय, हळदीचा डाग. नीलम, वाच गं."

मोतीबिंदू काढून आठवडा झाला होता, मारुतीरावांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. त्यामुळे वाचन नीलमकडे. तिला हळदीचा डाग सापडला. खाली एका गुराख्याची गाय हरवली होती. देवाचा पत्ता नव्हता. तिनं पान उलटलं. गाय अजून हरवलेलीच होती.

"आत्ती, इथं..."

"मोठ्यानं वाच," रुक्माबाईंनी सुपातून मान वर काढली नाही.

गावात शिकवणी घेताना मुलांनी एकमेकांचं बघून लिहिलं तर पाटी पुसायला लावणारी नीलम. तिनं पान डोळ्यांजवळ धरलं आणि चाल लावली:

"देव जेव्हा न बोले काही । तेव्हा त्याचा नकार नाही । चालू लागे जो लवलाही । त्याच्या पाठीशी देव उभा ॥"

"परत वाच."

नीलमनं गाईच्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं ओवी परत म्हटली. शेवटी "उभा"च्या जागी "असे" आलं.

मारुतीरावांनी चष्मा सारखा केला. "बरं लिवलंय. सोमवारी पहिल्या बशीनं जा. मी येतो सोडायला."

नीलम पोथी घेऊनच सासूमागं स्वयंपाकघरात आली. "आत्ती, डाग चुकला तुमचा. त्या पानावर गाय हरवलीय!"

"ठावं हाय. एकविसाव्यात सापडती." रुक्माबाईंनी तांदूळ पातेल्यात ओतले. "मला शाळंत घालायचं का, म्हणून माझ्या आज्यानं कौल लावलता. डावं फूल पडलं. तवा घरात पोथी वाचणारी बाई न्हवती गं."

नीलमनं सासूचा हात धरला, मग एकदम सोडला. "पण आप्पांना कळलं तर? त्यांनी तर चाळीस वर्षं वाचलीय पोथी!"

तेवढ्यात बाहेरच्या सोप्यातून आप्पांची हाक आली.

"नीलम, दोन अध्याय पुढं बघ गं, ती गाय सापडली का!"