पाचगणीचा बंगला मोजताना

विश्रामबागच्या कॉलेजात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला एक जुनं घर मोजून त्याचे नकाशे काढायचे होते. दोघादोघांनी. वर्गाची संख्या विषम, त्यामुळे मी उरलो. सरांनी विचारलं, "कुणाबरोबर जातोस?" मी म्हणालो, "एकटाच करतो, सर." कुणालातरी 'मला घ्या' म्हणायला जीभ रेटली नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. तिथं एखादी गोष्ट कशी मागायची, हे मला अजूनही नीट येत नाही.

माझ्या वाट्याला पाचगणीतला इंग्रजांच्या काळातला एक छोटा बंगला आला. लाकडी सांगाड्याचा. उभे खांब, आडव्या तुळया, कोपऱ्यांत तिरपे टेकू आणि मधल्या चौकटींत नुसती भरलेली वीट. मालक पुण्याला. राखण करणारे एक म्हातारे काका पायरीवर बसलेले. मी टेपचं एक टोक दगडाखाली दाबून दिवसभर खोल्यांच्या चारही बाजू मोजल्या. दगड सरकला की परत मागं जायचं. काकांशी मी एक शब्द बोललो नाही.

सरांनी शीट पाहिली. "कर्ण कुठं आहेत?"

कर्ण मी घेतलेच नव्हते. खोल्यांत पलंग, कपाटं होती. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात टेप वरून ताणायचा तर पलीकडे माणूस लागतो.

"चार बाजू बरोबर असल्या तरी खोली तिरकी असू शकते. तू काटकोन धरून मोकळा झालास. सोमवारी कर्ण नसतील तर सबमिशन घेणार नाही."

सबमिशन नाही म्हणजे वर्ष गेलं. शनिवारी पहाटेची एसटी धरली. पायरीपाशी बराच वेळ घुटमळलो, मग म्हणालो, "काका, जरा टेप धरता का?"

"धरतो की. पर मला आकडं वाचाय येत न्हाईत."

"नुसतं शून्य कोपऱ्याला टेकवायचं."

"मग त्ये जमंल," काका हसले. "मागल्या बारीला दगडाला कामाला लावला हुतास व्हय रं? म्या म्हणलं, सायेब मानूस हाय, हाक मारंल तवा जाऊ. दिसभर वाट बघितली."

मी टेप उलगडत राहिलो.

मोठ्या खोलीच्या दोन कर्णांत वीतभर फरक निघाला. मी तीनदा मोजलं.

"खरं हाय त्ये," काका म्हणाले. "ही बाजू दरीकडं सरकलीया. एका साली हितली वीट ढासळली, पर छप्पर हललं न्हाई. भार समदा खांबावर हाय न्हवं." पुस्तकात हेच वाचलं होतं, पण तेव्हा समजलं नव्हतं.

नवा नकाशा तिरका आला. सरांनी तो बराच वेळ पाहिला आणि सही केली. शीटच्या कोपऱ्यात मोजणाऱ्यांची नावं लिहायला दोन ओळी असतात.

"दुसरं कोण होतं?"

"तिथले काका, सर."

"मग लिही की त्यांचं नाव."

पेन हातात धरून मी उभा राहिलो. काकांनी दुपारपर्यंत टोक धरलं होतं, त्यांच्या हातचा चहा मी प्यालो होतो. नाव मात्र विचारलंच नव्हतं.