पान एकशे बारा

सूतगिरणीला आग लागली आणि चार कामगार आत अडकून मेले, तेव्हा टेलरबाई नऊ वर्षांची होती. तिचे वडील तिथे पहारेकरी. ते दारू पिऊन झोपले होते, असं मालकाने सांगितलं आणि गावाने मानलं. त्यानंतर त्यांना कुणी कामावर ठेवलं नाही. अकरा वर्षं घरात बसून ते गेले.

पुढे मालकाच्या मुलाने, म्हणजे गावच्या हेडमास्तरांनी, जिल्ह्याचा इतिहास लिहिला. पान एकशे बारावर छापलं होतं: ‘मद्यपी पहारेकऱ्याच्या हलगर्जीपणामुळे’. पुस्तक शाळाशाळांत गेलं. टेलरबाईची भाचीच एक दिवस ते घेऊन आली आणि म्हणाली, “आत्या, हे आपले आजोबा का गं?”

त्या आठवड्यापासून दर मंगळवारी शिवणाचं दुकान बंद ठेवून ती जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जाऊ लागली. पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल आत न्यायची, चिठ्ठी भरून गठ्ठा मागायचा. धुळीने शिंकून शिंकून बेजार व्हायची. नगरपालिकेचे ठराव झाले, जुनी वर्तमानपत्रं झाली. चौदाव्या महिन्यात अग्निशमन दलाची नोंदवही हाती आली.

‘मागील दारास बाहेरून कुलूप. किल्ली मालकाच्या घरून आणविली. पहारेकरी शुद्धीवर, कुलूप उपटताना दोन्ही तळवे भाजले.’

तिने तीनदा वाचलं. मग गठ्ठ्याला लावलेला कागद पाहिला. आधी कुणी कुणी गठ्ठा नेला, त्यांच्या सह्या त्यावर असत. तिच्याआधी एकच सही होती.

धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, कशाला उकरून काढतेस? हेडमास्तर ऐंशीचे झालेत.”

“म्हणूनच घाई आहे.”

तरी पाच महिने ती थांबली. नोंदीची शिक्का मारलेली नक्कल कपाटात ठेवून पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रकाशन समारंभाची वाट पाहिली. सभागृह भरल्यावर उठून उभी राहिली.

“सर, पान एकशे बारा वाचून दाखवता?”

त्यांनी कौतुकाने वाचलं. मग तिने नक्कल वाचली.

“बाई, ही नोंद माझ्या पाहण्यात नव्हती,” ते म्हणाले.

“सह्यांच्या कागदावर माझ्याआधी फक्त तुमचं नाव आहे. एकतीस वर्षांपूर्वीचं.”

सगळ्यांनी समारंभाला आलेल्या दप्तरखान्याच्या साहेबांकडे पाहिलं. त्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली. हेडमास्तर खुर्चीचा हात धरून बसले ते बसलेच. टेलरबाई एकटक बघत राहिली. तिला कीव आली नाही, आणि आली नाही याचं वाईटही वाटलं नाही.

नवी आवृत्ती मागे घेतली गेली. हेडमास्तरांनी नातीबरोबर माफीचं पत्र पाठवलं. टेलरबाईने ते न फोडताच नातीच्या हातात परत दिलं.

“आता तरी सोड, ताई,” भाऊ म्हणाला.

“जुनी आवृत्ती अजून सत्तावीस शाळांत आहे,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या शाळेच्या दारात जाऊन उभी राहिली.